उपज आणि उपजत

मराठी समीक्षेत काही शब्द इतक्या सवयीने वापरले जातात, की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. 'उत्स्फूर्त' हा त्यांपैकी एक. कवितेला उत्स्फूर्त म्हटले की तिची स्तुती झाली, लोकगीताला म्हटले की त्याचा अभ्यास झाला, आणि जॅझचा उल्लेख आपल्याकडे जेव्हा केव्हा होतो तेव्हा तर हा शब्द हटकून येतो. जॅझ म्हणजे उत्स्फूर्त संगीत, वादकाच्या मनात त्या क्षणी जे येईल ते तो वाजवतो, अशी समजूत मराठी वाचकाच्या मनात पक्की बसलेली आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे पाहू लागलो, की आपल्या साहित्यविचारातलीही एक जुनी खोड उघडी पडते. पुरावा म्हणून मी एकच लहानशी, तांत्रिक वाटणारी गोष्ट घेणार आहे: जॅझमध्ये 'बीबॉप स्केल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वरावलीतला आठवा स्वर.

नागपूर जिल्ह्याच्या एका टोकाला असलेल्या नरखेड तालुक्यात मराठी शिकवणाऱ्याने जॅझवर लिहावे, हे कुणाला विचित्र वाटेल. पण ज्या मुंबईत भारतीय जॅझ वाढला ती मुंबई आपलीच, आणि तो वाढवणारे बहुतेक वादक आपल्या शेजारच्या गोव्याचे. ज्या मराठी संगीतकाराने हे सूर सिनेमातून खेड्यापाड्यांत पोहोचवले, त्या सी. रामचंद्रांचे काही शिक्षण तर नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेले. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम बीबॉप म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९४०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, 'मिंटन्स प्लेहाउस'सारख्या ठिकाणी रात्री उशिरा जमणाऱ्या काही कृष्णवर्णीय वादकांनी ही शैली घडवली. चार्ली पार्कर (१९२०–१९५५), डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, केनी क्लार्क ही त्यांतली ठळक नावे. तोवरचा जॅझ प्रामुख्याने नाचासाठी वाजे. यांनी तो ऐकण्यासाठी वाजवला. लय चढवली आणि सुरावट गुंतागुंतीची केली. जुन्या लोकप्रिय गाण्याचा कॉर्डांचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम तेवढा ठेवायचा आणि त्यावर अगदी नवी सुरावट रचायची, ही त्यांची आवडती रीत. पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ रोजी ध्वनिमुद्रित केलेली 'को-को' ही रचना रे नोबल यांच्या १९३८ सालच्या 'चेरोकी' या गाण्याच्या सांगाड्यावर उभी आहे. मराठी संगीत नाटकाच्या वाचकाला ही रीत अर्धी ओळखीची वाटेल. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर 'चाल' अमुक असे लिहिलेले असे. जुनी चाल आणि नवे शब्द. बीबॉपमध्ये चालच बदलते, तिच्याखालचा आधार मात्र जुनाच राहतो.

'को-को'ची गती मिनिटाला सुमारे ३०० मात्रांची आहे. एका मात्रेत दोन स्वर, म्हणजे सेकंदाला दहा. या वेगात विचार करून स्वर निवडणे मानवी मेंदूला शक्य नाही. एवढे एकच गणित लक्षात घेतले, तरी 'त्या क्षणी मनात येईल ते' या कल्पनेचा पाया डळमळतो. त्या क्षणी मनात काही यायला वेळच नसतो. जे येते ते हातात आणि कानात आधीपासून असावे लागते. बीबॉप स्केलचा आठवा स्वर तिथे कामाला येतो.

आपल्या सरगमेत ही गोष्ट सहज समजावता येते. खमाज थाटाचे स्वर घेऊ: सा रे ग म प ध आणि कोमल नि. पाश्चात्त्य संगीतात याच स्वरावलीला मिक्सोलिडियन म्हणतात. जॅझमध्ये सातत्याने येणारा एक कॉर्ड सा, ग, प आणि कोमल नि या चार स्वरांचा असतो. आता चार मात्रांचे एक आवर्तन धरा आणि तार सा पासून दुगुनीत खाली या. पहिल्या मात्रेवर सा, तिच्या उत्तरार्धात कोमल नि. दुसरीवर ध, मग प. तिसरीवर म, मग ग. चौथीवर रे, मग सा. काय झाले? पहिला सा सोडला तर मात्रेच्या ठोक्यावर ध, म, रे हे कॉर्डाबाहेरचे स्वर पडले. कोमल नि, प, ग हे घरचे स्वर मात्रेच्या पोटात दडपले गेले, आणि खालचा सा सुद्धा ठोक्याच्या आधीच येऊन बसला. स्वर सगळे बरोबर असूनही कॉर्ड ऐकू येत नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असावे आणि आघात मात्र भलत्याच शब्दांवर पडावेत, तसे हे होते.

बीबॉप वादक अशा वेळी सा आणि कोमल नि यांच्यामध्ये शुद्ध नि घालतो. आता मोजून पाहा. पहिल्या मात्रेवर सा, उत्तरार्धात शुद्ध नि. दुसरीवर कोमल नि, मग ध. तिसरीवर प, मग म. चौथीवर ग, मग रे. आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर नेमका सा. चारही ठोक्यांवर कॉर्डाचे चारही स्वर. सात स्वरांचे सप्तक चार मात्रांच्या दुगुनीत बसत नव्हते, आठ स्वरांचे अचूक बसले. आठवा स्वर सुरावटीची हौस म्हणून आलेला नाही. काळाचे माप पुरे करण्यासाठी तो आला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे 'पादपूरण' हा शब्द आठवेल. संस्कृत श्लोकात च, तु, हि, वै अशी अव्यये पुष्कळदा केवळ चरणातली अक्षरसंख्या भरण्यासाठी येतात. अमरकोशाने तर त्यांची नोंदच पादपूरणासाठी येणारी अव्यये म्हणून केली आहे. आपण वर्गात हा शब्द थोड्या तुच्छतेने उच्चारतो. कवीला शब्द सुचला नाही म्हणून त्याने 'हि' टाकला, असे आपले म्हणणे असते. बीबॉपचा आठवा स्वर मात्र पादपूरणाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला लावतो. भरणीचे अक्षर स्वतः काही सांगत नसेल, पण पुढचा अर्थवाही शब्द नेमक्या जागी पडावा अशी व्यवस्था तेच करते. ते काढून टाका, म्हणजे अर्थवाही शब्दही घसरतात. आणि चांगल्या हातांत हे भरणीचे अक्षर निर्जीवही राहत नाही. सा, शुद्ध नि, कोमल नि अशी लागोपाठची उतरण कानाला एक खास ओढ लावते, आणि बीबॉपची ओळख पटते ती पुष्कळदा या घसरत्या पावलावरूनच.

येथे हिंदुस्थानी संगीताशी असलेला फरकही नोंदवायला हवा, नाहीतर 'हे तर आपल्याकडे आधीपासूनच होते' असे म्हणण्याचा आपला उत्साह आवरत नाही. खमाज रागातही दोन्ही निषाद आहेत. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. पण तेथे कारण चलनाचे, म्हणजे स्वर कोणत्या दिशेने चालला आहे याचे आहे. मियाँ मल्हारात दोन्ही निषाद शेजारी शेजारी येतात, पण तो त्या रागाचा स्वतःचा उच्चार आहे. राग त्यावरून ओळखला जातो. बीबॉपमधला जादा निषाद कोणत्याही रागाचा नाही, तो मात्रेचा आहे. स्वर तेच असून त्यांचे काम वेगळे असू शकते, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पार्करने 'को-को' वाजवली तेव्हा 'बीबॉप स्केल' हे नाव अस्तित्वात नव्हते. हे नाव रूढ केले इंडियाना विद्यापीठात अनेक दशके जॅझ शिकवणारे डेव्हिड बेकर (१९३१–२०१६) यांनी, आणि १९८०च्या दशकातील त्यांच्या 'हाऊ टू प्ले बीबॉप' या पुस्तकांनी ते जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेले. जुन्या वादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून, त्यांतली वारंवार दिसणारी चाल हेरून, बेकर यांनी तिला नियमाचे रूप दिले. म्हणजे आधी चार दशके वाजवणे झाले आणि मग व्याकरण आले.

आपल्याकडे याला तंतोतंत समांतर असे उदाहरण आहे ते विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे. गवयांकडून बंदिशी मिळवून, प्रचलित राग पारखून त्यांनी दहा थाटांची व्यवस्था लावली, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा आपला ग्रंथ १९१०पासून मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, प्रसिद्ध केला. थाट हा रागांच्या नंतर आला. खमाज थाटात एकच निषाद आहे आणि खमाज रागात दोन, या विसंगतीतच व्याकरण आणि व्यवहार यांच्यातले अंतर दिसते. भातखंड्यांचे टीकाकार या अंतरावर बोट ठेवत आले आहेत. पण व्याकरण उशिरा आले म्हणून व्याकरणाआधी नियमच नव्हते, असे मात्र कुणी म्हणत नाही. घराण्यांत नियम होतेच. ते छापलेले नव्हते, इतकेच.

जॅझच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो. नियम छापलेला नव्हता, म्हणून वादक नियमाविना वाजवत होता! वस्तुस्थिती काय होती? पार्करने १९५४ साली सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांच्याशी झालेल्या रेडिओवरील संभाषणात सांगितले आहे, की उमेदवारीच्या तीन-चार वर्षांत आपण रोज किमान अकरा ते पंधरा तास रियाज करीत होतो. लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका त्याने घोटून घोटून आत्मसात केल्या होत्या. पुढे १९७४ साली टॉमस ओवेन्स या अभ्यासकाने कॅलिफोर्निया विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी पार्करची शेकडो वादने लिहून काढली, आणि त्यांत सुमारे शंभर स्वरवाक्ये पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जोडणीने, येतात असे दाखवून दिले. मौखिक महाकाव्याचे गायक ठरीव पदसमूहांच्या साठ्यातून उभ्या उभ्या रचना करतात, हा मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचा सिद्धान्त साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. लॉर्ड यांचा 'द सिंगर ऑफ टेल्स' हा ग्रंथ १९६०चा. पार्करच्या वादनाकडे ओवेन्सने जवळपास त्याच नजरेने पाहिले. आपल्या जात्यावरच्या ओवीकडेही असेच पाहता येते. दळणारणीची ओवी ऐन वेळी जुळते हे खरे, पण बंधुरायाची, माहेराच्या वाटेची, पंढरीची ठरलेली पदे तिच्या ओठांवर असतात म्हणूनच ती जुळते.

कुणी म्हणेल, हा सारा शब्दांचा खेळ झाला. उत्स्फूर्त म्हणा की पूर्वतयारीचे म्हणा, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? माझ्या मते फरक पडतो, आणि तो न्यायाचा आहे. एखाद्याचे काम 'उत्स्फूर्त' म्हणून गौरवणे ही त्याचे श्रम पुसून टाकण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांविषयी दीर्घकाळ असेच बोलले गेले. त्यांच्यात लय जन्मतःच असते, ते मनाने मोकळे असतात, वगैरे. या स्तुतीतून निघणारा निष्कर्ष असा, की गोऱ्या संगीतकाराने शिकून मिळवलेले ते विद्या आणि काळ्याने मिळवलेले ती केवळ प्रकृती. आपल्याकडे बहिणाबाई चौधरींविषयी (१८८०–१९५१) काय बोलले जाते ते आठवून पाहावे. त्यांना लिहिता-वाचता येत नसूनही कविता स्फुरली, हे विधान आपण आश्चर्याने करतो. पण त्या 'नसूनही'मध्ये ओवीची लय पिढ्यान्‌पिढ्या शिकवणाऱ्या एका अलिखित शाळेचा नकार आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

गोव्याच्या संगीतकारांच्या वाट्यालाही हेच आले. 'गोंयकाराच्या रक्तातच संगीत' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. रक्तात नव्हते, ते चर्चच्या शाळेत होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवायला शिकवीत. ही विद्या घेऊन तरुण मुंबईला आले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यापाठोपाठ टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्या सहवासात आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलला. हल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवता वाजवता पुढे कोकणी चित्रपटांचे निर्माते झाले. १९६३चा 'आमचें नशीब' त्यांचाच. कागदावरचे स्वर वाचणाऱ्यांनी कागदाविना वाजवायला शिकायचे, हा प्रवास वाटतो तितका सोपा नव्हता. ज्याला सगळे लिहून मिळण्याची सवय आहे त्याला 'आता तुझे तू वाजव' असे सांगणे म्हणजे, निबंध पाठ केलेल्या विद्यार्थ्याला न पाहिलेल्या विषयावर बोलायला उभे करणे. तो टप्पा या मंडळींनी कानाने आणि कष्टाने पार केला.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदीचा १९४९चा कायदा आला, रात्रीच्या मैफिलींची रया गेली, आणि यांतले कितीतरी वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांकडे वळले. तेथे त्यांच्या दोन्ही विद्या उपयोगी पडल्या. संगीतकार पेटीवर चाल सांगे. गोव्याचा संयोजक ती स्वरलेखनात उतरवून पन्नास वादकांना वाटून देई, आणि अंतऱ्यांमधल्या मोकळ्या जागा भरून काढी. सबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागचे असेच एक नाव. १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचाला जे संगीत आहे, त्यामागे सी. रामचंद्र आणि त्यांचे सहायक चिक चॉकलेट उभे आहेत. नागपूरला रागदारी शिकलेला एक मराठी माणूस आणि हल्दोण्याला स्वरलेखन शिकलेला एक गोवेकर यांनी मिळून ती गंमत घडवली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र वादकांची नावे क्वचितच झळकत. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहल फॉक्सट्रॉट' (२०१२) ही इंग्रजी पुस्तके आली तेव्हा कुठे ही नावे अभ्यासाच्या कक्षेत आली. सर्वांत बोलके उदाहरण अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. राग आणि सिंफनी यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी १९५८ साली मुंबईत वाद्यवृंद उभारला आणि १९६५ साली ते अमेरिकेला गेले. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने आदरापोटी त्यांचे नाव गाण्यात गुंफले. देशभर ते नाव पोहोचले ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. ज्याच्यावरून ते आले तो शिक्षक कोण, हे गुणगुणणाऱ्या कोट्यवधींना ठाऊक नव्हते.

श्रमाची ही बाजू मांडली की दुसऱ्या टोकाचा धोका लगेच समोर येतो. नियमच सर्वस्व असेल तर नियम पाठ करावा आणि वाजवावे! आजचे कितीतरी जॅझ शिक्षण याच वाटेने चाललेले दिसते. अमुक कॉर्ड आला की अमुक स्केल, असे तक्ते मिळतात, आणि ते पाठ केलेला विद्यार्थी आठ स्वर वर-खाली धावडवीत राहतो. ऐकणाऱ्याला मात्र काहीच सांगितले जात नाही. मराठीच्या वर्गात हा अनुभव आपल्याला नवा नाही. अलंकारांची यादी पाठ असलेला विद्यार्थी कवितेत उपमा बिनचूक शोधतो. ती तेथे का आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

या धोक्यावरचा उतारा व्याकरण टाकून देणे हा नाही. व्याकरण अधिक खोलात जाऊन शिकणे हा आहे. वरचेच उदाहरण पुन्हा घेऊ. तार सा ऐवजी त्याच्या वरच्या रे पासून खाली यायचे आहे. पहिल्या मात्रेवर रे, मग सा. दुसरीवर कोमल नि, मग ध. तिसरीवर प, मग म. चौथीवर ग, मग रे. आणि समेवर सा. कोमल नि, प, ग, सा, सगळे आपापल्या जागी पडले, आणि जादा निषादाची गरजच लागली नाही! तक्ता पाठ करणारा येथेही आठवा स्वर घालील आणि जुळलेले गणित बिघडवील. डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) आपल्या शिकवण्यात नेमका यावरच भर देत. कोणत्या स्वरापासून निघालात त्यावर कोणता जादा स्वर घालायचा, की घालायचाच नाही, हे ठरते. म्हणजे नियमाचा गाभा 'शुद्ध नि घाला' हा नव्हे. 'आपण कुठून निघालो आणि कुठे पोहोचायचे आहे, हे ओळखा' हा त्याचा गाभा आहे. पहिले वाक्य तक्त्यात छापता येते. दुसरे कानाला सवयीने शिकवावे लागते.

मग त्या क्षणाचे असे काहीच नसते का? असते. कोणत्या स्वरापासून निघायचे, ठरलेले वाक्य कुठे मोडायचे, कुठे गप्प बसायचे, समोरच्या तबल्याने किंवा ड्रमने टाकलेला प्रश्न उचलायचा की सोडून द्यायचा, हे निर्णय त्या क्षणाचेच असतात, आणि थोर वादक व सामान्य वादक यांतला भेद तेथेच पडतो. पण हा निर्णय घेण्याची मोकळीक त्यालाच मिळते, ज्याचे बाकीचे हजार निर्णय आधीच होऊन हातात मुरलेले असतात.

याला हिंदुस्थानी संगीतात 'उपज' असा नेमका शब्द आहे. गायक रागाच्या आणि बंदिशीच्या चौकटीत राहून जे नवे काढतो ती उपज. उपज हवी तर तालीम लागते, हे कुठल्याही बैठकीत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. गंमत अशी, की मराठीत याच धातूपासून 'उपजत' हा शब्दही आला आहे आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे: जन्मतः असलेले, न शिकता मिळालेले. जॅझविषयीचा, बहिणाबाईंविषयीचा, गोव्याच्या वादकांविषयीचा आपला सगळा घोटाळा या दोन शब्दांमधल्या एका अक्षराचा आहे. जी उपज होती तिला आपण उपजत म्हणत आलो.

आमच्या नरखेड-काटोलकडे हा भेद समजावायला पुस्तक लागत नाही. संत्र्याचे झाड बी टाकून आपोआप आलेले नसते. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरावा लागतो. मुळे एका जातीची, फळ दुसऱ्या जातीचे. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडावी लागते, आणि मग पाणी दिल्यावर फूल येते. बहार फुटतो तो दिवस कुणाच्या हातात नसतो, ताण देण्याचे दिवस मात्र असतात. बागाइतदाराला 'तुमची संत्री उत्स्फूर्त आहेत' असे सांगून पाहावे. तो काय उत्तर देईल ते मी येथे लिहीत नाही.

असो. मराठी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, 'उत्स्फूर्त' हा शब्द विद्यार्थ्याच्या उत्तरात आला की त्याखाली रेघ ओढावी आणि समासात विचारावे: ही व्यक्ती कुठे शिकली, कुणाकडून शिकली, काय घोटून घोटून शिकली? उत्तर छापील पुस्तकात सापडेलच असे नाही. जात्यावर, भजनाच्या मंडळात, चर्चच्या शाळेत, ग्रामोफोनच्या तबकडीत ते शोधावे लागेल. दुसरी सूचना करून पाहण्याची आहे. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे आणि बहुतेक मंडळांत पेटी आहे. एकाने खंजिरीवर संथ चार मात्रा धराव्यात. दुसऱ्याने पेटीवर सा, ग, प, कोमल नि एकदम दाबून कान तयार करावा, आणि मग तार सा पासून दुगुनीत आधी सात स्वरांनी खाली यावे, नंतर शुद्ध निषाद घालून आठ स्वरांनी. पहिल्या वेळी सा समेच्या आधीच येऊन अडखळेल, दुसऱ्या वेळी नेमका खंजिरीच्या थापेवर बसेल. थोडा सराव झाला की रे पासून निघून पाहावे आणि कुठला स्वर गाळायचा ते कानाने ठरवावे. हे करायला जॅझ आवडलाच पाहिजे असे नाही.